जुन्या नौकेचे उरलेले आयुष्य

कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार कुटुंबाच्या दृष्टीने यांत्रिक नौका ही राहत्या घराच्या तोडीची, पुष्कळदा त्याहूनही मोठी गुंतवणूक असते. नवी नौका बांधायची तर लाकूड किंवा फायबर, इंजिन, जाळी, बर्फाचे खण आणि दळणवळणाची साधने यांचा खर्च एकाच वेळी उभा करावा लागतो, आणि तेवढे भांडवल हाताशी नसले की वापरलेल्या नौकेकडे लक्ष वळते. सातपाटी, वर्सोवा, करंजा, हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण अशा बंदरांत अशा नौकांचे व्यवहार होत असतात. त्यांपैकी चालू स्थितीतील नौकेचा भाव ठरवणे तुलनेने सोपे असते. अवघड प्रश्न असतो तो मोठ्या दुरुस्तीला आलेल्या नौकेचा, कारण तिची किंमत मोह पाडण्याइतकी कमी असते आणि तिच्यावर पुढे किती खर्च होणार हे विकणाऱ्यालाही नेमके ठाऊक नसते.

अशा वेळी खरेदीची किंमत आणि दुरुस्तीचा अंदाज यांची बेरीज करून ती नव्या नौकेच्या किमतीशी ताडून पाहण्याची पद्धत सर्रास आढळते. ही पद्धत अपुरी आहे, कारण दुरुस्तीनंतर ती नौका किती हंगाम निर्धोकपणे मासेमारी करू शकेल हा प्रश्न तिच्यात विचारलाच जात नाही. दहा लाख रुपये खर्चून बारा वर्षे चालणारी नौका आणि तेवढेच रुपये खर्चून चार वर्षांत पुन्हा किनाऱ्याला लागणारी नौका यांचा बेरजेतला आकडा सारखाच दिसतो. म्हणून जुनी नौका घेताना खरा निकष असतो तो दुरुस्तीनंतर उरणाऱ्या आयुष्याचा. आणि हे आयुष्य नौकेचा सांगाडा, तिचे इंजिन, तिची कागदपत्रे आणि दुरुस्तीला लागणारा काळ या चार गोष्टींवर अवलंबून असते.

सांगाडा: बदलता येणारे आणि न येणारे भाग

लाकडी नौकेचे सारे बळ तिच्या सांगाड्यात असते. तळाशी पुढून मागपर्यंत जाणारे जाड, लांब लाकूड म्हणजे नौकेचा कणा. त्याला पुढच्या टोकाशी नाळेचे उभे लाकूड जोडलेले असते, दोन्ही बाजूंना वळणदार फासळ्या बसवलेल्या असतात आणि त्या फासळ्यांवर बाहेरून फळ्या ठोकलेल्या असतात. फळ्यांच्या सांध्यांत कापूस किंवा काथ्या ठोसून वरून राळ व तेलाचे मिश्रण भरले जाते, म्हणजे लाकूड पाण्याने फुगले की सांधा घट्ट होतो. या रचनेत फळी हा सर्वांत सहज बदलता येणारा भाग आहे; खराब फळी उचकटून नवी बसवणे हे किनाऱ्यावरच्या मेस्त्रींचे नेहमीचे काम होय. फासळी बदलण्यासाठी तिच्यावरच्या फळ्या सोडवाव्या लागत असल्याने खर्च वाढतो, तरीही काही मोजक्या फासळ्या बदलणे व्यवहार्य ठरते. कणा बदलण्याचा प्रसंग आला तर मात्र साऱ्या फासळ्या आणि फळ्या ज्याच्या आधाराने उभ्या आहेत तेच काढावे लागते, आणि असे काम नौका नव्याने बांधण्याहून फारसे वेगळे राहत नाही.

कणा कुजलेला नसला तरी तो वाकलेला असू शकतो. नौकेच्या मध्यभागाला पाण्याचा आधार अधिक आणि दोन्ही टोकांना कमी मिळतो, त्यामुळे वर्षानुवर्षे टोके हळूहळू खाली झुकतात आणि मधला भाग उचलल्यासारखा होतो. किनाऱ्यावर चढवलेल्या नौकेच्या कण्याला समांतर दोरी ताणून धरली की हा बाक डोळ्यांना दिसतो. थोडा बाक बहुतेक जुन्या नौकांत असतोच. तो वाढला की फळ्यांचे सांधे उघडतात, पंख्याचा शाफ्ट सरळ रेषेत राहत नाही आणि कितीही वेळा कापूस भरला तरी गळती थांबत नाही. विक्रेता केवळ ‘थोडे पाणी घेते’ असे सांगत असेल, तर त्या पाण्याचे मूळ एखाद्या सैल सांध्यात आहे की कण्याच्या बाकात, हे ठरवल्याशिवाय दुरुस्तीचा कोणताही अंदाज विश्वासार्ह ठरत नाही.

नौकेचे वय हा स्वतंत्र दोष मानण्याचे कारण नाही. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारी सागात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि आज ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे संग्रहालय म्हणून तरंगत आहे. चांगले लाकूड आणि योग्य निगा मिळाली तर लाकडी सांगाडा किती टिकू शकतो, याचा हा पुरावा आहे. मात्र त्याच नौकेच्या पुनरुज्जीवनाला १९९० पासून दहा वर्षांहून अधिक काळ द्यावा लागला, आणि संग्रहालयाला परवडणारा असा काळ व पैसा मासळी विकून कर्ज फेडणाऱ्या नाखव्याजवळ नसतो. तात्पर्य असे, की लाकडी नौका जवळजवळ कोणत्याही अवस्थेतून दुरुस्त होऊ शकते. प्रश्न ती दुरुस्ती मासेमारीच्या उत्पन्नातून भरून निघते का, एवढाच असतो.

लाकूड कशाने खराब होते

नौकेचे लाकूड समुद्राच्या पाण्याने कुजते हा समज अर्धवट आहे. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा या दोहोंची गरज असते. सदैव पाण्याखाली राहणाऱ्या लाकडाला हवा मिळत नाही आणि खारेपणाही बुरशीला मानवत नाही. खरा धोका गोड्या पाण्याचा, म्हणजे पावसाचा आणि वितळलेल्या बर्फाचा असतो. डेकच्या फटींतून झिरपणारे पावसाचे पाणी केबिनच्या पायाशी, डेक पेलणाऱ्या आडव्या तुळयांच्या टोकांशी आणि नाळेच्या आतल्या कोपऱ्यांत साचून राहते. मासळीच्या खणात तर हंगामभर बर्फ वितळत असतो, आणि खणाचे अस्तर फुटलेले असेल तर ते पाणी थेट फासळ्यांपर्यंत पोहोचते. कोकणात पावसाळ्यापूर्वी नौका किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी किंवा ताडपत्रीने शाकारण्याची जी रीत आहे तिच्यामागे हेच कारण आहे. एखादी नौका दोन-तीन पावसाळे न शाकारता उघड्यावर पडून असेल, तर ती समुद्रात वापरात असलेल्या नौकेपेक्षा अधिक कुजलेली असण्याचा संभव मोठा असतो.

पाण्याखालच्या भागाचा शत्रू वेगळा आहे. टेरेडो नावाचा, किड्यासारखा दिसणारा पण प्रत्यक्षात शिंपल्याच्या वर्गातील प्राणी अळीच्या अवस्थेत टाचणीच्या डोक्याएवढ्या छिद्रातून लाकडात शिरतो आणि आतल्या आत वाढत लांबलचक बोगदे पोखरतो. बाहेरची फळी सुबक दिसते आणि आतून ती पोकळ झालेली असते. उष्ण कटिबंधातील समुद्रात संरक्षक लेप नसलेले लाकूड काही महिन्यांत निकामी होऊ शकते. म्हणूनच तांबेयुक्त रंगाचा थर दरवर्षी देणे आणि कणा घासला जाऊन रंग निघतो त्या जागा पुन्हा रंगवणे महत्त्वाचे ठरते. रंगाचे एक-दोन हंगाम चुकवलेली नौका पाहताना कण्याचा तळ, सुकाणूची मुळे आणि शाफ्टच्या नळीभोवतीचे लाकूड यांची विशेष पाहणी करावी लागते.

तिसरा दोष खिळ्यांचा. लोखंडी खिळे आणि बोल्ट गंजू लागले की गंज फुगतो, लाकडाला चिरा पाडतो आणि त्या रासायनिक क्रियेत खिळ्याभोवतीचे लाकूडही मऊ पडते. फळीवर खिळ्यांच्या रांगेत काळे डाग दिसणे हे त्याचे लक्षण होय. खिळे नवे मारले तरी मऊ लाकडात त्यांची पकड बसत नाही; त्यामुळे ज्या नौकेचे बहुसंख्य खिळे असे झाले आहेत तिच्या फळ्या वरकरणी चांगल्या असल्या तरी त्या बदलाव्याच लागतात.

पाहणी कशी करावी

पाण्यात उभ्या असलेल्या नौकेचा व्यवहार ठरवू नये, हा या क्षेत्रातील पहिला नियम मानावा. उधाणाच्या भरतीला नौका किनाऱ्यावर चढवून, तळ खरवडून आणि निदान काही दिवस सुकू देऊन मगच तिची पाहणी करावी. अनुभवी मेस्त्री हातोडीने फळ्या ठोकत जातो. निकोप लाकडाचा आवाज खणखणीत येतो आणि कुजलेल्या किंवा पोखरलेल्या लाकडाचा बद्द येतो. संशयाच्या जागी अणकुचीदार हत्याराने टोचून पाहिले की लाकूड किती खोलवर मऊ आहे ते कळते. ठरावीक ठिकाणचे दोन-चार बोल्ट काढून पाहण्याची परवानगी विक्रेत्याकडून घ्यावी, कारण बोल्टाचे डोके शाबूत असून आतली दांडी झिजून सुतळीएवढी झालेली असणे हे जुन्या नौकांत नवलाचे नाही. ज्या मेस्त्रीला पुढे दुरुस्तीचे काम मिळणार आहे त्याच्याच मतावर विसंबू नये. मोबदला घेऊन केवळ पाहणी करणारा दुसरा जाणकार किंवा विमा कंपन्यांसाठी काम करणारा सर्व्हेअर नेमण्याचा खर्च व्यवहाराच्या मानाने अल्प असतो.

पाहणीबरोबर नौकेचा इतिहासही विचारावा. जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते या चक्रीवादळांत कोकण किनाऱ्यावरील अनेक नौकांचे नुकसान झाले. नांगरावरून सुटून खडकावर आदळलेल्या किंवा बुडून पुन्हा वर काढलेल्या नौकेचे बाह्य नुकसान भरून काढलेले असते, पण आतल्या फासळ्यांना गेलेले तडे आणि इंजिनात शिरलेले खारे पाणी यांचे परिणाम नंतर उमटतात. विम्याचा दावा झाला असेल तर त्याची कागदपत्रे पाहिल्याने अशा गोष्टी उघड होतात.

फायबरचा थर चढवलेल्या लाकडी नौकांबाबत अधिक सावध राहावे लागते. लाकडी नौकेवर बाहेरून काचतंतू आणि राळेचा थर देण्याची पद्धत भारतात रूढ आहे. कोची येथील केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या प्रक्रिया केलेल्या लाकडावर असा थर देऊन छोट्या होड्या बांधण्याचे प्रयोगही केले आहेत. कोरड्या, निकोप आणि प्रक्रिया केलेल्या लाकडावर दिलेला थर टेरेडोपासून चांगले संरक्षण देतो. जुन्या, ओल्या आणि तेलकट झालेल्या लाकडाला मात्र ही राळ नीट चिकटत नाही, थराखाली पाणी अडकते आणि कुजण्याची क्रिया नजरेआड चालू राहते. गळती थांबवण्यासाठी विक्रीच्या तोंडावर असा थर चढवला असेल, तर तो गुण न समजता पाहणीतील अडथळा समजावा आणि काही ठिकाणी थर कापून आतले लाकूड पाहण्याचा आग्रह धरावा. संपूर्ण फायबरच्या नौकेत कुजण्याचा प्रश्न बराच कमी असतो. तेथे थरांतील फोड, आतील आधारपट्ट्यांचे सुटलेले जोड आणि इंजिनाच्या बैठकीभोवतीच्या चिरा पाहाव्यात. पोलादी नौकेच्या पत्र्याची उरलेली जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजता येते, त्यामुळे तेथे अंदाजाला वाव कमी राहतो.

इंजिन: खर्चिक, पण सुटे करता येणारे

महाराष्ट्रात नौकेची ओळख पुष्कळदा तिच्या सिलेंडरांच्या संख्येने सांगितली जाते. दोन सिलेंडर, चार सिलेंडर, सहा सिलेंडर अशी भाषा बंदरात आणि सरकारी कागदांतही चालते. इंजिन हा नौकेचा सर्वांत खर्चिक सुटा भाग असला तरी तो काढून दुसरा बसवता येतो, आणि हाच त्याच्यात व सांगाड्यात मूलभूत फरक आहे. खराब सांगाड्यातील चांगले इंजिन हे भंगारापेक्षा थोडे अधिक मोलाचे असते. चांगल्या सांगाड्यातील खराब इंजिनाची किंमत मात्र सरळ हिशेबाने वजा करता येते. म्हणून चालू इंजिनाचा आवाज ऐकून नौका पसंत करण्याची घाई टाळावी.

इंजिनाची परीक्षा ते थंड असताना सुरू करून घ्यावी. खरेदीदार येण्यापूर्वी तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष लपवते. धुराचा रंग बरेच काही सांगतो. काळा धूर इंजिनावर भार जास्त असल्याचे किंवा डिझेल पूर्ण जळत नसल्याचे दर्शवतो, निळसर धूर वंगणतेल जळत असल्याचे, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर जळणकक्षात पाणी शिरत असल्याचे किंवा डिझेल न जळताच बाहेर पडत असल्याचे सूचित करतो. वंगणतेल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. त्याचप्रमाणे गिअरबॉक्सचे पुढे-मागे जाणे, शाफ्टच्या नळीतून येणारे पाणी, पंख्याच्या पात्यांची झीज आणि थंड करणाऱ्या पाण्याच्या नळ्यांचा गंज यांचीही तपासणी व्हावी. शेवटी नौका भर समुद्रात नेऊन पूर्ण वेगाने काही काळ चालवल्याशिवाय ही परीक्षा पुरी होत नाही. नौका त्या अवस्थेतच नसेल तर इंजिन निकामी आहे असे गृहीत धरूनच भाव सांगावा.

वजन आणि तोल

मोठ्या दुरुस्तीत नौकेचे वजन बदलते, आणि या गोष्टीकडे बहुधा दुर्लक्ष होते. जाड फळ्या, फायबरचा थर, पूर्वीपेक्षा जड इंजिन, उंच केबिन, जाळी ओढण्याचे यंत्र अशा भरींनी नौका खोल बसते. भर वरच्या भागात पडली तर तिचा तोलही बिघडतो. नौका एका बाजूला कलली असता तिला पुन्हा सरळ करणारे बल जेवढे कमी तेवढी ती सावकाश डोलते. त्यामुळे मंद, रेंगाळत डोलणारी नौका खलाशांना आरामशीर वाटली तरी ती धोक्याची असू शकते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मार्गदर्शनात यासाठी एक साधी कसोटी दिलेली आहे: डिझेल, बर्फ, जाळी यांसह सज्ज नौका शांत पाण्यात डोलवून एका पूर्ण हेलकाव्याला लागणारा वेळ सेकंदांत मोजावा, तो आकडा नौकेच्या मीटरमधील रुंदीपेक्षा कमी असेल तर प्राथमिक तोल पुरेसा असण्याचा संभव असतो. पाच मीटर रुंदीच्या नौकेला एका हेलकाव्यास सहा-सात सेकंद लागत असतील, तर दुरुस्तीचा बेत आखण्याआधी जाणकार नौका-अभियंत्याचा सल्ला घेणे आवश्यक आहे.

कागदपत्रे: परवाना नसेल तर नौका नाही

लाकूड आणि लोखंड यांच्याइतकेच मोल कागदपत्रांना आहे. मासेमारी नौकेची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नोंदणी नौकेची मालकी व ओळख ठरवते, तर महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत कोणत्या पद्धतीने मासेमारी करता येईल हे महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खालील परवान्यावर ठरते. २००८ च्या मुंबई हल्ल्यात दहशतवाद्यांनी पळवलेल्या मासेमारी नौकेचा वापर केल्यानंतर नोंदणी, खलाशांची ओळखपत्रे आणि किनाऱ्यावरील तपासणी यांची व्यवस्था कडक झाली. त्यामुळे जुन्या मालकाच्या नावावर नौका चालवत राहण्याची पूर्वीची ढिलाई आता महागात पडू शकते. गुजरात किंवा कर्नाटकातून नौका आणायची असल्यास तेथील नोंदणी रीतसर रद्द किंवा वर्ग झाल्याचा दाखला हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

जाळ्याच्या प्रकाराचा प्रश्न विशेष नाजूक आहे. राज्य शासनाच्या ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांवर, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालून तळातून दोरीने आवळल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, कडक निर्बंध आले आणि त्यांचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच राहिला. प्रखर एलईडी दिव्यांनी मासे आकर्षित करून पकडण्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. साहजिकच अशा दिव्यांसाठी बसवलेला मोठा जनरेटर आणि दिव्यांचा संच विक्रेता किमतीत धरत असेल, तर बेकायदा कामाच्या साधनासाठी पैसे मोजण्याचे कारण उरत नाही. आहे तो परवाना नव्या मालकाच्या नावे होईल का आणि कोणत्या जाळ्यासाठी होईल, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातून लेखी विचारून घेणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

याखेरीज कर्जाचा बोजा तपासावा लागतो. महाराष्ट्रातील अनेक नौका राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या अर्थसाहाय्यातून, मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत बांधल्या गेल्या आहेत. अशा नौकेची थकबाकी नसल्याचा संस्थेचा दाखला व्यवहारापूर्वी मिळवावा. मासळीच्या व्यापाऱ्याने मालकाला दिलेली उचल हीसुद्धा व्यवहारात अडचण ठरू शकते, म्हणून तीविषयी विक्रेत्याकडून लेखी खुलासा घ्यावा. डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा संस्थेच्या सभासदाला आणि त्याच्या मंजूर नौकेला मिळत असल्याने खरेदीदार त्या संस्थेचा सभासद होऊ शकतो का, हेही पाहावे; डिझेल हा फेरीतला सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक असल्यामुळे हा परतावा नसेल तर साऱ्या हिशेबाचे स्वरूपच बदलते. नौकेवर ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहाद्वारे नौकेचे ठिकाण कळवणारे यंत्र असेल, तर त्याचीही नोंद नव्या नावावर करून घ्यावी.

हंगामाचे घड्याळ आणि खर्चाचा हिशेब

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि दुरुस्तीची कामे साहजिकच या काळावर ढकलली जातात. मोठ्या दुरुस्तीसाठी हा काळ दिसतो तितका सोयीचा नाही. कोकणातील पावसात लाकूड सुकत नाही, ओल्या लाकडावर फायबरची राळ धरत नाही आणि त्याच दोन महिन्यांत साऱ्या बंदरांतील मालकांना मेस्त्री हवे असतात. काम लांबले तर सुटतो तो हंगामाचा पहिला, पावसाळ्यानंतरचा काळ, ज्यावर बहुतेक नाखव्यांची मोठी भिस्त असते. पर्ससीनच्या नौकेला चारच महिने मिळत असल्याने दोन महिन्यांचा विलंब म्हणजे अर्धा हंगाम गेला. शिवाय तांडेल आणि खलाशी यांना हंगामाआधी उचल द्यावी लागते; नौका किनाऱ्यावर असली तरी ती रक्कम अडकून पडते. म्हणून मोठ्या दुरुस्तीची नौका घ्यायची असेल तर पाहणी आणि सौदा हिवाळ्यात उरकून, कोरड्या दिवसांत लाकूडकाम संपवून पावसाळा केवळ इंजिन व आतील कामांसाठी ठेवणे श्रेयस्कर ठरते.

पैशाचा हिशेब मांडताना एक पद्धत उपयोगी पडते. खरेदीची किंमत, दुरुस्तीचा लेखी अंदाज, अंदाजाबाहेरील खर्चासाठी राखीव रक्कम, नौका चढवणे-उतरवणे व कागदपत्रांचा खर्च आणि बुडालेल्या हंगामाचे उत्पन्न यांची बेरीज करून तिला अपेक्षित वर्षांनी भागावे. केवळ रीत समजावी म्हणून काल्पनिक आकडे घेतले, तर १४ लाखांची नौका, १० लाखांची दुरुस्ती, तिच्या ३० टक्के म्हणजे ३ लाखांची राखीव रक्कम, १ लाख किरकोळ खर्च आणि २ लाख बुडालेले उत्पन्न असे एकूण ३० लाख होतात. जाणकाराच्या मते दुरुस्तीनंतर ती सहा वर्षे चालणार असेल, तर एका वर्षाची किंमत ५ लाख पडते. शेजारी ३६ लाखांना मिळणारी, निकोप सांगाड्याची आणि आणखी बारा वर्षे चालणारी नौका उभी असेल, तर तिची किंमत वर्षाला ३ लाख पडते. पहिली नौका भावात स्वस्त आणि वापरात महाग आहे. मात्र त्याच पहिल्या नौकेचा कणा निकोप निघाला, खर्च मुख्यतः इंजिनाचा असला आणि ती बारा वर्षे चालणार असली, तर तिची वर्षाची किंमत अडीच लाखांवर येते आणि निर्णय उलटतो. आकडे बदलले तरी भागाकाराची ही रीत बदलत नाही.

राखीव रक्कम वगळण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. लाकडी नौकेची एक फळी उघडली की मागची फासळी दिसते आणि ती कुजलेली निघाली की शेजारची दुसरी फळी उघडावी लागते. सुरुवातीचा अंदाज वाढण्याचे कारण बहुधा मेस्त्रीची लबाडी नसून कामाचे हे स्वरूपच असते. अर्धे काम झाल्यावर, आतापर्यंतचा पैसा वाया जाऊ नये म्हणून आणखी पैसा घालत राहणे ही दुसरी चूक होय. त्यासाठी दुरुस्ती सुरू करण्यापूर्वीच कमाल रकमेची मर्यादा ठरवावी, आणि मेस्त्रीशी करार करताना आधी साऱ्या संशयाच्या जागा उघडून पाहणे, नंतर अंदाज सुधारणे आणि मगच नवे लाकूड आणणे असा क्रम ठरवावा.

घ्यावी की सोडावी

या साऱ्याचा निष्कर्ष थोडक्यात मांडता येतो. कणा, नाळ आणि बहुसंख्य फासळ्या निकोप असतील, परवाना हव्या त्या जाळ्यासाठी नावावर होणार असेल आणि दुरुस्ती पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी संपणार असेल, तर नादुरुस्त इंजिन, खराब डेक, फुटलेले खण किंवा काही कुजलेल्या फळ्या यांमुळे नौका नाकारण्याचे कारण नाही. उलट हे दोष दाखवूनच भाव कमी करून घेता येतो. कण्याला मोठा बाक असेल, खिळे सर्वत्र सैल झाले असतील, फायबरच्या थराखालचे लाकूड पाहू दिले जात नसेल किंवा कर्ज व परवान्याचे कागद अपुरे असतील, तर किंमत कितीही उतरली तरी व्यवहार सोडून द्यावा. सौदा ठरल्यास इसाराच्या करारातच पाहणीचा अहवाल, समुद्रातील चाचणी, थकबाकी नसल्याचा दाखला आणि नोंदणी नावावर होणे या अटी लिहून घ्याव्यात आणि उरलेली रक्कम त्या अटी पूर्ण झाल्यावरच द्यावी. नौका किनाऱ्यावर चढवण्याचा आणि जाणकाराकडून तपासून घेण्याचा खर्च नाखव्याने नौका हाती येण्यापूर्वी, आणि ती हाती येणारच नाही हे गृहीत धरून करावा. त्यातून नकाराचा निर्णय निघाला तरी तो पैसा वाया गेला असे मानू नये.